राहीबाईंच्या खुर्चीशेजारची जागा

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा बहुधा हळहळत सांगतात. मी रागाने सांगणार आहे. मी एक कॅमेरा आहे, वय वर्षे बावीस. उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला नाथाजीचा फोटो स्टुडिओ आहे, त्यातल्या काचेच्या कपाटात दुसऱ्या फळीवर मी असतो. आज १९७९ साल चालू आहे. माझा राग पाच वर्षांचा आहे.

मला दोन डोळे आहेत, एकाखाली एक. वरच्या डोळ्याने माझा मालक बघतो, खालच्या डोळ्याने मी फोटो घेतो. वरच्या डोळ्यातून आलेले चित्र माझ्या माथ्यावरच्या काचेत उमटते. मालक मला पोटाशी धरून, मान खाली घालून ते बघतो. ते चित्र आरशातल्यासारखे असते. माणूस उजवीकडे चालला तर काचेत तो डावीकडे जाताना दिसतो. फोटो मात्र सरळ येतो. एवढे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या एका प्राध्यापकांनी मला हौसेने घेतले, नऊ वर्षे फुलझाडांचे फोटो काढले आणि डोळे अधू झाल्यावर नाथाजीला देऊन टाकले. फुलांचा मला कंटाळा आला होता. नाथाजीकडे माणसे आली.

आमच्या भागात ऊसवाल्या घरांतून एक तरी माणूस पलटणीत असतो. घरच्यांना सगळ्यांचा मिळून फोटो हवा असतो, पण रजा मिळत नाही. म्हणून घरचे लोक येऊन बसत आणि फौजीची जागा मोकळी सोडत. फौजीचा फोटो त्याच्या छावणीतून पोस्टाने येई. नाथाजी तो कातरीने कापून मोकळ्या जागेत चिकटवी, कडा पेन्सिलीने बुजवी, आणि त्या जोडलेल्या कागदाचा मी पुन्हा फोटो घेई. याला आमच्याकडे जोडफोटो म्हणत. कराडपासून साताऱ्यापर्यंत नाथाजीसारखा जोडफोटो कुणाला जमत नसे. काश्मीरच्या बर्फात उभा असलेला मुलगा आईच्या खांद्यावर हात ठेवून दिसे आणि आई म्हणे, "आलाच की रं घरी." तेव्हा मला आमच्या कामाचा अभिमान होता.

१९७३ च्या डिसेंबरात राहीबाई आल्या. धाकटा मुलगा अर्जुना बरोबर होता, वीस वर्षांचा. थोरला केरबा हा नाथाजीचा शाळेतला सोबती. तो इस्लामपूरकडे साखर कारखान्यात फिटर होता. दोन वर्षांपूर्वी तो आफ्रिकेत गेला होता, मोंबासा शहरापासून चार तासांवरच्या एका साखर कारखान्यात. त्याला पाठवणारा लालासाहेब. उंब्रजच्या चौकात त्याचे ऑफिस होते आणि तो परदेशी कारखान्यांना माणसे पुरवत असे. गावात सगळे त्याला अहोजाहो करतात. मी करणार नाही.

राहीबाई खुर्चीत बसल्या. फोटोत बघितले तर अर्जुना खुर्चीच्या डावीकडे उभा आणि उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी.

"मावशी, केरबाचा फोटो कुटला लावायचा?" नाथाजीने विचारले.

"तू जाऊन घिऊन ये," राहीबाई म्हणाल्या. "तू चाललायस म्हनं की तिकडं."

ही बातमी खरी होती. केरबा पत्रातून नाथाजीला "एकदा ये गड्या" म्हणून लिहीत होता. ते लालासाहेबाच्या कानावर गेले आणि त्याने बोटीचे तिकीट काढून दिले. बदल्यात त्याला शहराचे फोटो हवे होते. त्याने यादी लिहून दिली होती: उंच इमारती, रुंद रस्ते, मोटारी, बंदर. खाली एक ओळ होती, झोपडी नको, मळका माणूस नको. त्याने तीन रोल दिले. एका रोलमध्ये बारा, म्हणजे छत्तीस फोटो.

जानेवारीत आम्ही निघालो. मुंबईहून बोटीने नऊ दिवस लागले. मोंबासाच्या धक्क्यावर केरबा उभा होता. पांढरा शर्ट, लांब बाह्या, डावा हात विजारीच्या खिशात. उजव्या कानाची पाळी फाटलेली. नाथाजीने त्याला मिठी मारली. केरबाने एकाच हाताने मारली.

खोलीवर गेल्यावर चटई पसरताना खिशातली बाही बाहेर आली. मनगटाच्या वरपासून तिच्यात काही नव्हते.

नाथाजी खाली बसला. "केरबा, हात कुटं हाय?"

"मिलात ऱ्हायला." केरबाने पायाने चटईचे टोक सरळ केले. "आपल्या गुऱ्हाळात चरकात ऊस अडकला तर बैल थांबवत्यात. हितं बैल न्हाई."

मग त्याने सगळे सांगितले. ऊस पिळणाऱ्या रोलरसमोर एक लोखंडी जाळी असते. जाळी असली की अडकलेला ऊस काढायला मिल थांबवावी लागते. मिल थांबू नये म्हणून जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. केरबा चालत्या रोलरमधून उसाचे कांडे ओढत होता. इस्पितळातून सुटल्यावर कारखान्याने त्याला मोंबासात बंदरावरच्या गोदामात पोती मोजायला बसवले. करार तीन वर्षांचा. त्याआधी परत यायचे तर बोटीचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

"आता लावली आसंल की जाळी," नाथाजी म्हणाला.

"आठ म्हैनं झालं, न्हाई लावली. माझ्या जागी नवा फिटर बघाय लागल्यात, जाळी कोन बघत न्हाई."

नाथाजीचा चेहरा मी खालून बघत होतो. तो नवा फिटर कोण, हे त्याला ठाऊक होते. लालासाहेबाने अर्जुनाचे कागद तयार केले होते. नाथाजीने ते सांगितले तेव्हा केरबाने फाटक्या कानाची पाळी चिमटीत धरली.

"अर्जुनाला यिऊ दिऊ नगंस," तो म्हणाला. "आन हाताचं आईला सांगू नगंस. दोनी कर."

"दोनी कसं व्हनार?"

"तू फोटूवाला हायस. तुला जमतंय."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहर टिपायला निघालो. मित्रांनो, मोंबासा सुंदर शहर आहे. मोठ्या रस्त्यावर हत्तीच्या सुळ्यांची कमान आहे, प्रत्येक सुळा तीन माणसांपेक्षा उंच, पत्र्याचा, चकचकीत. जुन्या बंदरात शिडाची गलबते डुलतात. समुद्रातल्या दगडाची घरे आहेत, त्यांच्या दारांवर कोरीव काम आहे. शहराचा यात काहीच दोष नव्हता. त्याने मला उजेड दिला, सावल्या दिल्या, सगळे दिले.

केरबाला शहर पाठ होते. तो उजव्या हाताने दाखवी, "त्यो किल्ला घे. हितनं घे, मागनं गलबत यील." नाथाजी मान खाली घालून माझ्या काचेत बघू लागला की केरबा चौकटीबाहेर सरकायचा. दर वेळी तो उजवीकडे सरकायचा, आणि काचेत मला तो डावीकडे निघून जाताना दिसायचा. शहराचे चौतीस फोटो मी घेतले. केरबा चौतीस वेळा सरकला.

पस्तीसावा फोटो नाथाजी गोदामाचा घेणार होता. तिथली काळोखी, पोत्यांची थप्पी, केरबाचे स्टूल. केरबाने माझ्या खालच्या डोळ्यावर तळवा ठेवला. "ह्यो न्हाई," तो म्हणाला. तोवर कळ दाबली गेली होती. त्या चौकटीत काहीच आले नाही. त्या तळव्याची ऊब मात्र मला लागली.

छत्तीसावा केरबाचा. गोदामामागच्या चुन्याच्या भिंतीपुढे तो उभा राहिला. मागे साधी भिंत असली की फोटो कापायला सोपा जातो.

"बाही खिशात घाल," नाथाजी म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. पुरा घे. फुडं काय कापायचं त्ये तू काप."

मी तो पुरा घेतला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ फोटो आहे. फाटका कान, डावीकडे काढलेला भांग, लोंबणारी बाही. त्यात एकही खोटी रेघ नव्हती.

परत आलो त्याच्या चौथ्या दिवशी लालासाहेब स्टुडिओत आला. त्याने अकरा फोटो निवडले आणि मोठे करून घेतले.

"केरबा बरा हाय न्हवं?" फोटोवरची नजर न काढता त्याने विचारले. ती विचारायची पद्धत नाथाजीला खटकली.

"तुमाला ठावं हुतं," नाथाजी म्हणाला.

"पत्र आलं हुतं मला. म्हनून काय गावात दवंडी पिटू? एकाचा हात गेला म्हनून धा जनांच्या पोटावर पाय दिऊ?" त्याने सुळ्यांच्या कमानीचा फोटो उजेडात धरला. "ह्यो झ्याक आलाय. ह्यो मधी लावू."

त्याने अकराही फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावले. माणसे बघायला येऊ लागली. हे रस्ते, ह्या मोटारी, हे बंदर. उंब्रजचाच फोटोवाला जाऊन डोळ्यांनी बघून आलाय, म्हणजे खोटे कसे असेल? माझ्या कामाची इतकी स्तुती कधी झाली नव्हती. इस्लामपूरकडची दोन माणसे ते फोटो बघून सही करून गेली आणि मार्चच्या पहिल्या बोटीने निघालीसुद्धा. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

अर्जुनाची बोट सोमवारची होती. आदल्या बुधवारी नाथाजीने त्याला स्टुडिओत बोलावले.

"तू जाऊ नगंस."

"का?"

"तितली हवा बरी न्हाई."

अर्जुना हसला. "हवा बरी न्हाई म्हनं. आन तू स्वता म्हैनाभर तिथं हिंडून लाल हून आलास की, नाथादा. आंब्याचं झाड येंगलेल्या मानसानं खालच्याला सांगावं, लय आंबट हायत रं, त्यातली गत झाली."

"तसं न्हाई गड्या."

"मग कसं? केरबादा काय म्हनला, आर्जुनाला यिऊ दिऊ नगं?"

नाथाजीने मला उचलून फडक्याने पुसायला घेतले. हो म्हणावे तर का म्हणाला हे सांगावे लागणार होते. अर्जुनाने कपाटाच्या काचेत बघून भांग नीट केला आणि गेला. एका मित्राला दिलेला शब्द नाथाजीने पाळला आणि तेवढ्यासाठी त्याच मित्राचा भाऊ त्या रोलरपुढे जाऊ दिला. त्याला त्यातून सुटता येत नव्हते हे मला कळते. तरीही मी रागावलो आहे.

त्याच दुपारी तो जोडफोटोला बसला. मोकळी जागा फोटोत उजवीकडे होती. तिथे केरबा सरळ उभा केला तर त्याची डावी, रिकामी बाही बाहेरच्या अंगाला येत होती, सगळ्यांना दिसेल अशी. नाथाजीने केरबाची फिल्म उलटी करून छापली. आता रिकामी बाही आईच्या खुर्चीमागे लपली आणि धड हात बाहेर आला. उलट्या शर्टाचा खिसा भलत्या बाजूला गेला, तो त्याने पात्याने खरवडून काढला. भांग पेन्सिलीने दुसरीकडे वळवला. चार तास काम केले. मग त्या कागदाचा फोटो मला घ्यायला लावला. मी घेतला. कॅमेऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

शनिवारी सकाळी राहीबाई फोटो न्यायला आल्या. त्या तो घेऊन दाराशी उजेडात गेल्या.

"वाळलाय," त्या म्हणाल्या. मग फोटो डोळ्यांजवळ नेला. "नाथा, ह्यो उलटा हाय."

"उलटा कसा, मावशी?"

"कान बघ. फाटका कान उजवा. ह्यात डावा दिसतोय."

नाथाजीचा हात नकळत आपल्याच कानाकडे गेला, आधी एका, मग दुसऱ्या. केरबाचा कोणता कान फाटका हे त्याला आठवेना. पहिलीपासूनचा सोबती, पण गेली आठ वर्षे नाथाजी सगळ्या गावाला माझ्या काचेत उलटेच बघत आला होता. खिसा त्याने बदलला, भांग बदलला, आणि कान त्याला खटकलाच नाही. काचेत केरबा त्याला तसाच तर दिसला होता.

"आदीची दोन गेली माजी," राहीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्यो झाला तवा केरात टाकला, शेजारनीनं उचलला, आन सूपभर जोंधळं दिऊन मी तिच्याकडनं इकत घेतला. म्हनून केरबा. उजवा कान टोचून बाळी घातली. सात वर्साचा असताना वासराच्या दाव्यात बाळी अडकली आन पाळी फाटली. त्या कानाला हळद मी भरलीया. मला शिकवू नगंस. उलटा का केलास त्ये सांग."

नाथाजीने टेबलाच्या खणातून दुसरा फोटो काढून दिला. छत्तीसावा, सरळ छापलेला.

राहीबाईंनी तो बघितला. त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होते. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

"चरक?"

"व्हय. कारखान्यातला. जाळी काढलेली हुती. लालासाहेबाला तवाच पत्र आलं हुतं."

"आन अर्जुना त्याच मिलात?"

"त्याच जागी."

"जाळी?"

"न्हाई लावली."

राहीबाईंनी फोटो पदराखाली घेतला. "लालासाहेब आसंल न्हवं आता ऑफिसात? तू बी चल. आन त्यो तुजा डबा बी घे, त्येनं बी बघू दे त्येनं काय क्येलंय."

डबा म्हणजे मी. मित्रांनो, त्या बाई बरोबर बोलल्या.

ऑफिसात सहा-सात माणसे बसली होती. अर्जुना पासपोर्ट न्यायला आला होता. भिंतीवर माझे अकरा फोटो होते. राहीबाईंनी टेबलावरची एक टाचणी उचलली आणि सुळ्यांच्या कमानीशेजारी केरबाचा फोटो टोचला.

"बारावा ऱ्हायला हुता," त्या म्हणाल्या. "ह्यो बी त्याच गावातला हाय."

एक म्हातारा उठून जवळ गेला, बाहीकडे बघून परत येऊन बसला.

"आवं मावशी," लालासाहेब म्हणाला, "आपघात कुटं हुईत न्हाई? आपल्या कारखान्यात हुईत न्हाई व्हय?"

"हुतो की. हुतो तवा आमाला त्याच दिशी कळतं. तुमी इतकं म्हैनं खिशात ठिवला."

"तुमास्नी तरास नगं म्हनून."

"मग आर्जुनाला त्या जागंवर धाडताना कुनाचा तरास वाचवत हुता, सायेब?"

लालासाहेबाने नाथाजीकडे बघितले. नाथाजी माझ्या पट्ट्याशी चाळा करत होता. मग त्याने मान वर केली. "काढून ठिवलेल्या जाळीचा फोटू न्हाई माझ्याकडं," तो सगळ्यांना म्हणाला. "मी काढलाच न्हाई. पर केरबानं सांगितलंय त्ये सांगतो." आणि त्याने सांगितले, पहिल्यापासून, उभ्याउभ्याच.

अर्जुनाने टेबलावरून आपला पासपोर्ट उचलला आणि खिशात घातला. भावाचा फोटो भिंतीवरून काढून हातात घेतला. नाथाजीच्या बाजूने जाताना तो थांबला.

"हवा बरी न्हाई म्हनला हुतास व्हय, नाथादा," एवढेच बोलून तो बाहेर पडला.

सोमवारची बोट त्याच्याविना गेली. राहीबाईंनी पोस्टात बसून पत्र लिहून घेतले: फोटो सरळ बघितला, करार संपला की नीघ, मी वाट बघते. केरबा त्या वर्षीच्या डिसेंबरात आला. स्टुडिओत पुन्हा खुर्ची मांडली गेली आणि तो मोकळ्या जागेत स्वतःच्या पायांनी उभा राहिला. नाथाजीने काचेत बघितले आणि सवयीने म्हणाला, "बाही वाईच मागं..."

"नाथा," राहीबाई म्हणाल्या.

नाथाजीने वाक्य पुरे केले नाही. मी फोटो घेतला.

तेव्हापासून तो फिल्म छपाईच्या यंत्रात घालण्यापूर्वी आपल्या उजव्या कानाला हात लावतो. दोन वर्षांपूर्वी त्याने रंगीत फोटोंसाठी नवा कॅमेरा घेतला आणि मी फळीवर आलो. माझ्या खालच्या भिंगाला कडेने बुरशी धरू लागली आहे. कधीमधी उन्हात ठेवा, कोरड्या मऊ फडक्याने पुसा, एवढे केलेत तर आभारी होईन. पण ती माझी खरी विनंती नाही.

लालासाहेबाने आता कराडला मोठे ऑफिस थाटले आहे. हल्ली तो आखाती देशांत माणसे पाठवतो. नाथाजी मागच्या महिन्यात त्या ऑफिसात गेला होता, परत येऊन केरबाला सांगत होता. भिंतीवर माझेच फोटो आहेत. खालचे शहराचे नाव तेवढे बदलले आहे. सुळ्यांची कमान काढून टाकली आहे, कारण ती ओळखू येते. दहा फोटो अजून काम करत आहेत. इस्लामपूरकडच्या त्या दोन माणसांचे काय झाले, त्यांच्यापुढे जाळी लावली का, हे मला कुणी सांगितलेले नाही.

मित्रांनो, कुणी तुमच्या हातात परक्या शहराचे देखणे फोटो दिले तर जरूर बघा, शहरे देखणी असतात. मग फोटो घेऊन येणाऱ्याला विचारा, तू कुणाकडे उतरला होतास, आणि त्याचा फोटो कुठे आहे. तो हवेबद्दल बोलू लागला तर पुन्हा विचारा. आणि त्या पस्तीसाव्या, कोऱ्या चौकटीत मला केरबाचा तळवा आठवतो. तो उजवा होता. यात माझी चूक होणार नाही.